वाळू धुण्याची परवानगी

कवळीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून जिनं निम्म्या गावाच्या कवळ्या घडवल्या, तिला लोक दुसरं काय म्हणणार? पुढच्या खोलीत डॉक्टर लोकांना 'आ करा' म्हणायचे आणि मागच्या खोलीत बाई मेण वितळवत, प्लास्टर कालवत, कानस घासत बसायच्या. रस्त्यात कुणी मनापासून हसलं तर बाईंचं लक्ष आधी दातांकडे जाई आणि मग चेहऱ्याकडे. समोरचा माणूस कोण हे आठवायला त्यांना वेळ लागे, पण वरची कवळी आपल्या हातची आहे हे त्या लांबूनच ओळखत.

अधूनमधून सोन्याच्या कॅपचं काम येई. हल्ली लोकांना दात दातासारखेच पांढरे हवे असतात, त्यामुळे ते कमी झालं होतं. पण आलं की बाई मांडीवर चामड्याचा तुकडा पसरत. कानशीनं उडालेला कण न् कण मऊ केसांच्या कुंचल्यानं गोळा करायचा आणि डबीत टाकायचा, हा त्या धंद्याचा रिवाज. तो कुंचला बाईंनी कधी कुणाला हात लावू दिला नाही.

बाईंना एक खोड होती. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती कळेपर्यंत त्यांना अन्न गोड लागत नसे. शेजारचा कुत्रा येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांवर भुंकतो, मग पोस्टमनवर का नाही, याचा छडा लावायला त्या कितीतरी सकाळी खिडकीत उभ्या राहिल्या होत्या. शेवटी पोस्टमनच्या खिशात बिस्किटं निघाली तेव्हाच त्यांना स्वस्थ झोप लागली. अशा बाईच्या डोक्यात नवऱ्याची एक गोष्ट अडकून बसली, तेव्हा सरकारी कार्यालयांचं काही खरं नव्हतं.

नवरा पाणीखात्यात व्हॉल्व्हमन होता. गावाबाहेर मोठा तलाव, तलावाला येऊन मिळणारी नदी आणि भोवती तारेचं उंच कुंपण. ते पाणी सगळं गाव पितं, म्हणून आत कुणी पाय ठेवायचा नाही. त्या कुंपणाआड त्यानं सगळी नोकरी काढली, आणि तिथं एकटं बसून बसून असेल किंवा मुळातलाच स्वभाव असेल, त्याला थापा मारायचं भारी वेड. तलावात म्हणे एक मासा होता. तो कूस बदलायचा तेव्हा गावातल्या नळांची धार बारीक व्हायची. दर वेळी सांगताना मासा वीतभर वाढायचा. ऐकणारेही बनेल. 'मासा कसा आहे?' म्हणून मुद्दाम विचारायचे, आणि हा गडी रंगात यायचा.

तो गेला त्याला काही वर्षं झाली होती. घरात आता बाई आणि नणंदबाई अशा दोघीच. नणंदबाईंनी लग्न केलं नव्हतं. शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण समोरच्याच्या बोलण्यात चूक सापडली की अजूनही त्यांचा हात लाल पेन शोधल्यासारखा टेबलावर फिरायचा. एकदा नातेवाईक जमले होते आणि एकेक जण त्याच्या थापा आठवून हसत होता. मासा झाला. वाऱ्यानं उडून पलीकडच्या काठावर बसलेली छत्री झाली. मग दीर म्हणाले, "आणि ते सोनं? नदीच्या तोंडाशी वाळूत सोनं आहे म्हणाला होता तो."

सगळे हसले. बाईही हसल्या आणि हसता हसता थांबल्या. त्यांना ती संध्याकाळ आठवली. जेवताना नवरा हातवारे न करता, अगदी साध्या आवाजात म्हणाला होता की आत नदीच्या तोंडाशी वाळूत सोनं आहे, मी बघितलंय. नणंदबाई इतक्या हसल्या होत्या की त्यांना ठसका लागला होता. बाई म्हणाल्या होत्या, मग आणा की थोडं, फुकट कॅप करून देते. तोही जरासा हसला होता.

"ही गोष्ट त्यांनी दुसऱ्यांदा कधी सांगितली?" बाईंनी विचारलं.

कुणालाच आठवेना. माशाची गोष्ट सगळ्यांनी इतक्यांदा ऐकली होती की पाठ झाली होती. छत्रीची गोष्ट तर शेजाऱ्यांच्या मुलांनाही येत होती. पण सोन्याची गोष्ट त्यानं एकदाच सांगितली, आणि पुढे आयुष्यभर तोंडातून अक्षर काढलं नाही. ज्या माणसानं एकही थाप वाया जाऊ दिली नाही, त्यानं ही एवढी मोठी थाप एकदाच वापरून का टाकून दिली? थाप नसेल तर? बाईंच्या डोक्यात हा किडा शिरला तो शिरलाच.

नणंदबाईंनी समजावून पाहिलं. म्हणाल्या, माझ्या भावाला मी तुझ्या आधीपासून ओळखते वहिनी, त्याचं काय एवढं मनावर घेतेस? पण बाईंना आता खरं काय ते हवं होतं. त्यांनी वाळू धुवायचं तंत्र शिकून घेतलं. उथळ परातीत वाळू आणि पाणी घ्यायचं, गोल हेलकावे द्यायचे, हलकी वाळू काठावरून वाहून जाऊ द्यायची. जड ते तळाशी राहतं. सुपात धान्य पाखडावं तसंच, फक्त पाण्यात. कोपऱ्यावर कुणाचं तरी बांधकाम चाललं होतं, तिथली वाळू मागून आणून त्यांनी घरातल्या मोरीत सराव केला. मोरी तुंबली. नणंदबाईंनी घर डोक्यावर घेतलं, आणि मग स्वतःच पदर खोचून काठीनं मोरी मोकळी करत बसल्या.

मग सुरू झाले कार्यालयांचे हेलपाटे. पाणीखात्याच्या खिडकीत बाईंनी सांगितलं की तलावाजवळच्या बंदिस्त जागेत सोनं शोधायचंय. कारकून कळवळला. "काय पडलं? अंगठी की साखळी?" त्यानं विचारलं, आणि पोलिसांत तक्रार दिलीत का, म्हणून चौकशी केली. काही पडलेलं नाही, मुळात आहे का ते बघायचंय, असं म्हटल्यावर त्याची सहानुभूती आटली आणि त्यानं त्यांना खनिज खात्याकडे पाठवलं.

खनिज खात्याचा अर्ज मोठाल्या कंपन्यांसाठी बेतलेला. किती क्षेत्र, किती कामगार, यंत्रं कोणती. बाईंनी यंत्राच्या रकान्यात 'परात' लिहिलं. तिथल्या बाबूनं चष्मा कपाळावर चढवून त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि सांगितलं, जमीन पाणीखात्याची आहे, आधी त्यांचा ना हरकत दाखला आणा. पाणीखातं म्हणालं, सोनं हे खनिज आहे, आधी त्यांचा दाखला आणा. ही टोलवाटोलवी इतके महिने चालली की दोन्हीकडचे शिपाई बाईंना चहा विचारू लागले. एका शिपायाची दाढ ठणकत होती. बाईंनी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं, तेव्हापासून तो त्यांचा कागद गठ्ठ्यात वर ठेवायचा. पण वरचा कागदही कुणी उचलायला हवा ना.

तो उचलला पाणीखात्यात बदलून आलेल्या अभियंत्यानं. उंच, किडकिडीत, बोलण्याआधी विचार करणारा माणूस. त्याच्या टेबलावर पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या. त्यानं बाईंना आत बोलावलं आणि अर्जातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. उद्देश या शब्दापुढे बाईंनी लिहिलं होतं, 'खरं की खोटं ते बघणे.' लोक इथं नफा लिहितात, तो म्हणाला. मग बाईंनी त्याला सगळं सांगितलं. मासा, छत्री, आणि एकदाच सांगितलेली ती गोष्ट. अभियंता हसला नाही. त्यानं एकच विचारलं.

"आणि नाही सापडलं तर?"

"तर नाही सापडलं," बाई म्हणाल्या. "पण कळलं तरी."

एवढं बोलणं झालं आणि गाडं हललं. अभियंत्यानं दोन्ही खात्यांना एका टेबलाशी बसवलं. एका दिवसाची परवानगी निघाली, तिच्यासोबत अटींचा कागद आला तो अर्जापेक्षा जाड. यंत्र नको, फावडं नको, पायात चप्पल नको, गुडघ्याच्या वर पाणी लागेल इतकं आत शिरायचं नाही. धुतलेली वाळू जिथली तिथं परत. जे सापडेल ते सरकारचं, अभियंत्याच्या समोर पाकिटात मोहोरबंद. सूर्य मावळायच्या आत बाहेर. सोबत एक मदतनीस चालेल. सोन्याचा कणभर जरी माग लागला, तर खनिज खातं त्या जागेची रीतसर पाहणी करणार होतं, आणि तसं सगळ्या कागदांवर लिहिलं जाणार होतं. म्हणजे नवऱ्याचा शब्द सरकारदरबारी खरा ठरणार होता. बाईंना हवं होतं ते एवढंच.

मदतनीस कोण, हे विचारायची गरजच नव्हती. नणंदबाई आदल्या दिवसापासून तयार. मी काही सोन्यासाठी येत नाही, त्यांनी बजावलं, तू पाण्यात घसरून पडलीस तर धरायला कुणी हवं म्हणून येतेय.

कुंपणाच्या आत शिरताना बाईंना चमत्कारिक वाटलं. नवरा रोज जिथं जायचा ती जागा त्या पहिल्यांदा बघत होत्या. व्हॉल्व्हची एक छोटी खोली, तिच्यापुढे बसायला सिमेंटचा कट्टा, लोखंडी चाकांवर लावलेलं वंगण, आणि समोर नदी तलावात शिरते तिथं वाळूचा लांबट पट्टा. एवढ्याशा जागेत त्याला इतका मोठा मासा कसा काय सुचला, याचं बाईंना नवल वाटलं.

सकाळभर त्या वाळू धूत राहिल्या. परात भरायची, हेलकावे द्यायचे, तळाशी उरलेली काळी रेघ कुंचल्यानं अलगद एका बाजूला सारून भिंगाखाली बघायची. काळी रेती, लाल खडे, शिंपल्यांचा चुरा. अभियंता काठावर बसून आधी नुसता बघत होता, मग वाकून बघू लागला, मग पँट वर दुमडून पाण्यात उतरला. नणंदबाई कट्ट्यावरून सूचना करत होत्या की पट्ट्याचे सारखे भाग पाडा आणि क्रमानं धुवा, हे काय इथून थोडं तिथून थोडं.

दुपार कलती झाली आणि परातीच्या काठाशी, काळ्या रेतीत, पिवळं काहीतरी दिसलं.

बाईंनी परात हलवायची थांबवली. कण इतका बारीक की पापणी हलली तरी हरवेल, पण पिवळा, आणि परात हलवली तरी तळ न सोडणारा. नणंदबाई चप्पल काढायची अट विसरून तशाच धावत आल्या, वाकून बघितलं, आणि तिथंच पाण्यात उभ्या राहून रडायला लागल्या. "खरं बोलला होता गं दादा," त्या म्हणाल्या. "आणि मी त्याच्या तोंडावर हसले." बाईंनी त्यांना आजवर कधी रडताना पाहिलं नव्हतं, भाऊ गेला तेव्हासुद्धा. त्यांचेही डोळे भरून आले. अभियंत्यानं पाकीट काढलं, पेनचं टोपण उघडलं.

पाकिटात घालण्याआधी एकदा नीट बघावं म्हणून बाईंनी भिंग डोळ्याला लावलं. सवयच ती, घडवलेली कॅपही त्या द्यायच्या आधी तशीच बघत. नदीतला कण घासून घासून गुळगुळीत व्हायला हवा. हा कण वळला होता, सोललेल्या सालीसारखा, आणि त्याच्या अंगावर शेजारीशेजारी बारीक रेघा होत्या. कानशीच्या. अशा रेघा बाईंनी आयुष्यभर रोज पाहिल्या होत्या.

त्यांनी हातातल्या कुंचल्याकडे बघितलं. सकाळी पिशवी भरताना त्यांना क्षणभरही विचार पडला नव्हता. बारीक कण उचलायचे म्हणजे हाच कुंचला, हे हातानंच ठरवून टाकलं होतं. त्याच्या केसांत कुणाच्या तरी दाढेच्या कॅपचा एक कण राहून गेला होता, आणि तो आज नदीत उतरला होता.

कुणाला कळणार होतं? अभियंत्याला पिवळा ठिपका दिसत होता. पाकीट खनिज खात्यात गेलं असतं, पाहणी झाली असती, काही सापडलं नसतं तरी कागदावर राहिलं असतं की सापडलं होतं. नणंदबाई उरलेलं आयुष्य भावाबद्दल अभिमानानं बोलल्या असत्या. अळीमिळी गुपचिळी. बाईंनी भिंग खाली घेतलं. मग त्यांना वाटलं, हे सोनं नवऱ्याच्या नावावर लावलं तर ती त्याच्या सगळ्या थापांपेक्षा मोठी थाप होईल, आणि ती त्यानं मारलेली नसेल.

"साहेब, ते लिहू नका," त्या म्हणाल्या. "हे नदीचं नाही. माझ्या कुंचल्यातलं आहे."

अभियंत्यानं पेन खाली घेतलं. नणंदबाईंचं रडणं थांबलं आणि त्यांनी असं काही बघितलं की बाईंना वाटलं, आता वर्गाबाहेर उभं करणार. गप्प बसता येत नव्हतं का तुला, त्या पुटपुटल्या, आणि कट्ट्यावर जाऊन तलावाकडे तोंड करून बसल्या. बाईंनी कण चिमट्यानं उचलून रुमालात बांधला, तो डॉक्टरांच्या डबीत जायला हवा होता. अभियंत्यानं आकाशाकडे बघितलं आणि म्हणाला की परवानगी अजून संपलेली नाही. कुंचला पिशवीत गेला. परात दोघांनी वाळूनं घासून स्वच्छ केली आणि पुन्हा पहिल्यापासून, फक्त बोटांनी, धुवायला सुरुवात केली.

काही सापडलं नाही. पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी रेती, लाल खडे आणि शिंपल्यांचा चुरा. बाईंची कंबर मोडून आली. अभियंत्यानं अहवालात 'सोने आढळले नाही' एवढंच लिहिलं, आणि लिहिताना त्यालाही वाईट वाटत होतं हे दिसत होतं. म्हणजे थापच होती तर. कळलं तरी, असं बाई त्या दिवशी मोठ्या तोऱ्यात म्हणाल्या होत्या. आता कळलं होतं, आणि त्यांना मुळीच बरं वाटत नव्हतं.

"वहिनी," कट्ट्यावरून नणंदबाईंची हाक आली. आवाज वेगळाच होता. "इकडे ये जरा. इथं, माझ्या शेजारी बस."

बाई निथळत्या पायांनी कट्ट्यावर जाऊन बसल्या आणि समोर बघितलं. ऊन तिरपं झालं होतं. ज्या वाळूत त्या दिवसभर उभ्या होत्या, तो सगळा पट्टा काठापासून पाण्यापर्यंत पिवळाधमक चमकत होता. पाण्याखालची वाळूसुद्धा. त्या उठून उभ्या राहिल्या तर चमक गेली. बसल्या तर परत आली.

अभियंता मागे येऊन वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला की हे अभ्रक, त्याच्या बारीक पापड्या वाळूत असतात, हलक्या म्हणून परातीतून आधीच वाहून जातात, आणि ऊन उतरतीला लागलं की या बैठकीवरून, एवढ्याच उंचीवरून, अशा दिसतात. मी इथं नेहमी दुपारी येऊन जातो, मला माहीतच नव्हतं.

पण एकाला माहीत होतं. पाळी संपायच्या वेळी तो रोज इथंच बसत असणार. त्याला जे दिसलं त्याला तो सोनं समजला, आणि घरी येऊन साध्या आवाजात सांगितलं, कारण ती थाप नव्हती. थाप असती तर लोकांच्या हसण्यानं त्याला आणखी जोर चढला असता. हे खरं होतं म्हणून त्याला लागलं, आणि त्यानं ते परत कुणाला सांगितलं नाही. मग पुढची सगळी वर्षं तो हे रोज बघून घरी यायचा आणि माशाच्या गोष्टी सांगायचा. बाईंना हे सगळं एकदम कळलं आणि त्यांना रडू आवरेना.

काहीतरी बरं बोलायचं म्हणून अभियंता म्हणाला की तुम्ही उगीच एवढे हेलपाटे घातलेत. कुंपणाचे नियम कडक झाले ते आत्ता आत्ता. तुमचे यजमान नोकरीत होते तेव्हा घरच्या माणसांना आत यायला मोकळीक होती, परवानगीसुद्धा लागत नव्हती. त्यांना नुसतं म्हटलं असतं तर घेऊन आले असते.

बाईंनी पदरानं डोळे पुसले. त्या संध्याकाळचं एक बोलणं त्या इतकी वर्षं पार विसरून गेल्या होत्या. ते आत्ता, या कट्ट्यावर बसल्यावर आठवलं.

"म्हणायला कशाला हवं होतं, साहेब," त्या म्हणाल्या. "आमचं हसून झाल्यावर त्यांनीच विचारलं होतं, उद्या संध्याकाळी येतेस का, दाखवतो. मी म्हटलं, उद्या मला कवळ्या द्यायच्या आहेत."